गडूचा सूर

“मोडू नका! अहो मिस्त्री, मोडू नका तो, मो—”

ओरडत होते पुण्याचे अनिरुद्धसाहेब, आणि ओरडणं असं की पासलीच्या देवळातली घंटा कुणी हात न लावता वाजली, बाहेर बांधलेली म्हैस दाव्यासकट उठली आणि ते ‘मोडू नका’ समोरच्या तोरण्यावर आपटून दोनदा परत आलं. पण ते परत येईस्तोवर माझ्या अंगठ्यांनी आपलं काम उरकलेलं होतं. बोटाच्या पेराएवढी पितळेची एक पट्टी माझ्या हातात होती, तिच्या दोन झाल्या होत्या. ‘कट्’ एवढाच आवाज झाला. सुपारी फुटताना याहून जास्त होतो.

साहेबांबरोबर आलेल्या शर्मिलाताई मटकन खाली बसल्या. आणि ज्याच्या पेटीतली ती पट्टी होती तो कोंडिबाबुवा, ऐंशीला टेकलेला माणूस, मला शांतपणे म्हणाला, “मिस्तरी, आता नवा बसवा.”

हे असं का झालं ते सांगायचं तर आधी माझा धंदा सांगायला हवा. संपादकांनीही ‘धंद्यातल्या आठवणी लिहा’ असंच सांगितलंय. त्यांना बहुतेक गमतीजमती हव्या असाव्यात. त्याही देतो.

मी भोरचा पेटी-मिस्त्री. हार्मोनियम दुरुस्त करणारा. एसटी स्टँडच्या मागं माझी फळी. आता मी काम बंद केलंय, म्हणजे रोज दुकान उघडून बसतो, येईल त्याला ‘काम बंद आहे’ म्हणून सांगतो आणि पेटी ठेवून घेतो. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात जेवढी भजनी मंडळं तेवढ्या पेट्या, आणि त्या सगळ्यांच्या पोटात माझा हात जाऊन आलाय. हे मी वाढवून सांगत नाही. बाकीचं पुष्कळ वाढवून सांगतो, पण ते तुमचं तुम्ही ओळखाल.

पेटी बाहेरून भारदस्त दिसते, आत काही नसतं. भाता हवा ढकलतो, तुम्ही पट्टी दाबली की एक भोक उघडतं, आणि त्या भोकावर पितळेची एक बारीक जीभ बसवलेली असते ती थरथरते. झालं संगीत. त्या जिभेला आम्ही ‘सूर’ म्हणतो. सूर चढवायचा तर जिभेचं टोक कानशीनं किंचित घासायचं, उतरवायचा तर बुडाशी घासायचं. किंचित म्हणजे किती, असं विचाराल, तर डास अंगावर बसून न चावता उडून गेला तर जेवढं कळतं तेवढं.

पुण्या-मुंबईच्या पेट्यांना रियाज मारतो, आमच्याकडच्यांना पाऊस. वेल्ह्याच्या बाजूला तो असा कोसळतो की पेटीला मिशा फुटाव्यात तसं शेवाळ येतं, लाकूड फुगतं, दाबलेली पट्टी वर यायला दसरा उजाडतो. म्हणून तिकडची मंडळी पावसाळाभर पेटी चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. ती खाली काढली की पहिले चार अभंग भाकरीसारखे खरपूस लागतात. एका मंडळाची पेटी माझ्याकडं आली तर भात्यात उंदरीण बाळंत झालेली. पिल्लं काढून खोक्यात ठेवली तर सगळी रडायला लागली. काळी चार दाबली, गप्प झाली. आमच्याकडची भजनं काळी चारात चालतात, जन्मापासून तेच कानावर पडलेलं. त्या पिल्लांना झोपवायला मी आठवडाभर भाता मारला. बायकोला विचारा. नका विचारू.

भोरातल्या एका वकिलांच्या बायको मात्र उलटं काम घेऊन आल्या होत्या. वकीलसाहेब कोर्टातून आले की पेटी काढून बसत आणि आळीतली माणसं देवदर्शनाला निघत. बाई म्हणाल्या, दुरुस्ती नको, अशी बिघडवा की त्यांना वाटावं आपणच थकलो. मी नाही म्हणालो. पेटी ज्याची, तोंड उघडायचा अधिकार त्याचा. त्यानं सांगितलं तरच हात लावायचा. हा माझा नियम पक्का. भाता मात्र जरासा जड करून दिला, खोटं कशाला बोलू.

दुसरा नियम माझ्या उस्तादांचा. पुण्याला मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हणायचे, पेटीतून काढलेला सूर तसाच टाकायचा नाही, तिथल्या तिथं दुमडून मोडायचा. का? तर धंद्यात हलकट माणसं असतात, एकाचा काढलेला बाद सूर घासूनपुसून दुसऱ्याच्या पेटीत घालतात. मोडलेला सूर कुणाला फसवू शकत नाही. म्हणून स्क्रू काढला, सूर हातात आला, की दोन अंगठे आणि कट्. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. ती आमच्या सचोटीची निशाणी. जन्मभर हे केल्यावर त्यात डोकं लागत नाही, चपला दाराबाहेर काढतो तसं होऊन जातं.

आता ते पुण्याचे लोक.

गेल्या वर्षी भात झोडून झालं असेल नसेल, माझ्या फळीसमोर एक गाडी थांबली. आतून अनिरुद्धसाहेब आणि शर्मिलाताई उतरले. दोघंही साठीकडं झुकलेले. साहेबांनी कंपनीतली मोठी नोकरी लवकर सोडलेली, ताई कॉलेजात शिकवून निवृत्त. दोघांचं नातं काय म्हणाल तर एका गायकाचे भक्त. गायकाचं नाव मिलिंद. तुम्ही ऐकलं नसेल, मीही पासलीपुरतंच ऐकलेलं. पुण्यातल्या चार कॉलेजकुमारांनी मिळून इंग्रजी गाण्यांचा एक कंपू काढला होता, ‘वेट अम्ब्रेलाज’ नावाचा. म्हणजे ओल्या छत्र्या. एवढी फी भरून शिकलेल्या पोरांना हेच नाव सुचलं. त्यांच्या गाण्याला म्हणे सॉफ्ट रॉक म्हणतात. मी ताईंना विचारलं हे कसं असतं, तर त्यांनी मोबाईलवर लावून दाखवलं. गिटार हळू, ढोल हळू, गाणारा तर असा हळू की घरात कुणीतरी झोपलंय. मला आवडलं. आमच्याकडं हळू काही वाजवलं की लोक विचारतात, लाइट गेली का?

तर हा मिलिंद भांडून म्हणा, कंटाळून म्हणा, कंपूतून बाहेर पडला आणि एकटाच वेल्ह्यापलीकडं पासलीला खोली घेऊन राहिला. तीस-पस्तीस वर्षं झाली असतील. तिथं त्यानं एकट्याच्या गाण्यांची एक कॅसेट केली. विकली गेली तेव्हा हाताच्या बोटांवर. पण पुढं इंटरनेट आलं आणि ती कॅसेट कुठल्या कुठल्या देशांत ऐकली जायला लागली. या भक्तांचा एक ग्रुप आहे, त्यात नॉर्वेचा एक दाढीवाला आहे, ब्राझीलची एक नर्स आहे. त्यांचं काम एकच. मिलिंदच्या गाण्यांत कोण कुठं वाजवतंय, तो माणूस आधी कुणाबरोबर वाजवत होता, नंतर कुणाकडं गेला, हे शोधायचं. बासरी कुठल्या कंपूतल्या ढोलवाल्याची, मागं गुणगुणणारी बाई पुढं साबणाच्या जाहिराती कशी गायला लागली, सगळी सोयरीक त्यांनी लावून ठेवलेली. लग्न जमवणाऱ्यांनाही एवढी नाती माहीत नसतात.

त्या सोयरिकीत एकच जागा रिकामी. कॅसेटमधल्या तिसऱ्या गाण्यात शेवटी सगळं थांबतं आणि एक सूर येतो. आधी घोगरा, मग थरथरत वर जाणारा, आणि कुणी हुंदका गिळावा तसा मधेच बंद. हा सूर कशाचा यावर ग्रुपमध्ये वर्षानुवर्षं भांडणं. कुणी म्हणे करवत, कुणी म्हणे शंख. नॉर्वेवाल्याचं मत लांडगा. आता ती कॅसेट परदेशातली एक कंपनी मोठ्या काळ्या तबकडीवर पुन्हा काढणार होती, आणि पाकिटावर प्रत्येक वादकाचं नाव छापायचं होतं. त्यासाठी हे दोघं आमच्या मुलखात फिरत होते. कापूरहोळला एका ढाबेवाल्यानं ‘तो आमचा मामा’ म्हणून सांगितलं, मामा भेटला तर त्याला पिपाणीसुद्धा येत नव्हती. विंझरला एकानं चक्क कॅसिओ वाजवून दाखवला. दोनदा तोंडघशी पडलेली माणसं, त्यात कंपनीनं बजावलेलं की पुराव्याशिवाय नाव छापणार नाही. विंझरच्याच कुणीतरी माझ्याकडं पाठवलं, मिस्तरीला समद्या पेट्या ठाऊक हायत म्हणून.

मला ते ओळखायला काही विद्वत्ता लागली नाही. मोबाईलवर तो सूर वाजला आणि मी म्हणालो, हा गडूचा सूर.

पासलीच्या मंडळाच्या जुन्या पेटीत मधल्या सप्तकातली तिसरी काळी पट्टी फार पूर्वी मेली होती. ऐन सप्ताहाच्या तोंडावर जीभ तुटली, पावसानं रस्ता बंद, भोरला यायची सोय नाही. कोंडिबाच्या चुलत्यानं घरातल्या फुटक्या पितळी गडूचा काठ कापला, दगडावर घासून घासून त्याची जीभ केली आणि बसवली. गडू तो गडूच. गायचा, पण मारून मुटकून शाळेत पाठवलेल्या पोरासारखा. आसपासच्या गावांनी मंडळाचं नावच ‘गडूवाले’ पाडलं. मी कितीदा म्हणालो, बुवा, पाच मिनिटांचं काम आहे, बदलून देतो. कोंडिबाबुवा म्हणायचा, न्हाई, साहेबांना शबूद दिलाय.

ते साहेब म्हणजे मिलिंद. सुगीच्या दिवसांत एका दुपारी मंडळी शेतावर असताना त्यानं कोंडिबाला देवळात बसवून तो सूर टेपवर घेतला होता. कोंडिबा लाजून म्हणाला होता, साहेब, ही पट्टी सोडून वाजवतो. मिलिंद म्हणाला, हीच हवीय. आणि जाताना सांगून गेला की मी परत येणार, या सुरावर एक आख्खं गाणं करणार, तोवर याला कुणाला हात लावू देऊ नका. मंडळानं पुढं वर्गणी काढून नवी पेटी आणली. जुनी कोंडिबाच्या माळ्यावर, धोतराच्या कापडात. वर्षातून एकदा खाली यायची, पुसली जायची, न वाजता परत वर. साहेब आले नाहीत.

हे सगळं मी त्या दोघांना गाडीत सांगितलं. एवढंच सांगून थांबलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण भोर ते पासली रस्ता लांब, ऐकणारी माणसं नवी, शर्मिलाताई एकेका शब्दाला ‘हो?’ म्हणणाऱ्या. नसरापूर येईस्तोवर मी मिलिंदला गिटारवर भाताची राखण करायला लावलं. विंझरला तोरण्यावरचा बिबट्या खाली उतरला आणि ओसरीवर गाणं ऐकायला बसला. वेल्हं मागं टाकलं तेव्हा तो बिबट्या तिसऱ्या कडव्याला डोळे मिटत होता. अनिरुद्धसाहेब गाडी चालवता चालवता आरशातून माझ्याकडं बघत होते. माझ्या प्रत्येक वाक्याला त्यांनी मनात दहानं भागायला सुरुवात केली होती, हे मला तेव्हाच दिसलं होतं. मला वाटलं, भागू दे, शिल्लक भरपूर आहे.

पासलीला कोंडिबाबुवानं पेटी देवळात आणून ठेवली. डोक्याला स्वच्छ टोपी, अंगात लग्नातला सदरा. साहेबांनी मोबाईलवर ते गाणं लावलं. हे कोंडिबानं कधीच ऐकलेलं नव्हतं, बरं का. कॅसेट निघाली हेसुद्धा त्याला कुणी कळवलेलं नव्हतं. गाणं चाललं, संपत आलं, आणि तो सूर आला. ताईंचे डोळे भरून आले, त्यांचे म्हणे दर वेळी येतात. कोंडिबानं टोपी पुढं ओढली.

“ह्ये किती जणांनी ऐकलं?” त्यानं विचारलं.

साहेब अभिमानानं म्हणाले, “जगभर ऐकतात, बुवा. लाखो लोक.”

मला कोंडिबाचं तोंड दिसत होतं. साहेबांना वाटलं माणूस सुखावला. मला दिसत होतं की त्याचं घर सगळ्या जगानं आतून बघितलंय आणि नेमकं तेव्हाच अंथरुणं आवरलेली नव्हती. जन्मभर सुरात वाजवलेला माणूस. तोरण्याच्या या अंगाला त्याच्यासारखा हात नव्हता. आणि लाखो लोकांनी ऐकलं काय, तर गडू.

मग त्यानं विचारलं, “आमचे साहेब कवा येनार?”

ताई साहेबांकडं बघायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, “ते गेले, बुवा. खूप वर्षं झाली. तुम्हांला कळलं नाही?”

कोंडिबानं मान हलवली. पेटीवरचं कापड घडी करून बाजूला ठेवलं. मग माझ्याकडं वळला.

“मिस्तरी, हत्यारं आनलीत?”

मी कधी हत्यारांशिवाय कुठं जात नाही, सासुरवाडीलाही नाही. म्हणालो, आणलीत.

“मग काढा त्यो. माजा शबूद फिटला.”

अनिरुद्धसाहेब घाबरले. त्यांनी समजावून सांगितलं, एकदा, फक्त एकदा तो सूर वाजवा, आम्ही टिपून घेतो, जुन्या गाण्याशी लावून बघतो, तोच निघाला की पाकिटावर तुमचं नाव. मग खुशाल बदला. कोंडिबा म्हणाला, देवाम्होरं त्या साहेबांच्यापायी एकदा वाजवला, आता पावण्यांम्होरं न्हाई वाजवायचा. साहेब म्हणाले, आम्ही बाहेर जाऊन बसतो. कोंडिबा म्हणाला, देव कुठं जाईल? मीही सांगून बघितलं. ऐकेना. पेटी त्याची, तोंड उघडायचा अधिकार त्याचा.

तिढा सोडवला शर्मिलाताईंनी. त्या म्हणाल्या, वाजवू नका. पण काढलेला सूर आम्हांला द्याल? आमच्या ओळखीचे पेटीवाले आहेत पुण्याला, ते दुसऱ्या पेटीत घालून वाजवून बघतील. हा हातानं केलेला आहे, याच्यासारखा दुसरा असूच शकत नाही. तो बोलला की कंपनीला तेवढा पुरावा पुरे.

“न्या की,” कोंडिबा म्हणाला. “मला काय करायचाय?” मग आवाज खाली करून विचारलं, “नावाम्होरं माज्या बाचं बी नाव लावाल? आन् खाली पासली?”

साहेब म्हणाले, लावू. ताईंनी लिहून घेतलं. मी पेटी उघडली.

आता खरं तर तिथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. मेलेल्या माणसाची बातमी नुकतीच आलेली, कोंडिबा भिंतीकडं बघत बसलेला, कुणी बोलेना. पण शांतता मला सोसत नाही, माझं पोट दुखतं. स्क्रू गंजलेला, निघायला वेळ लागत होता. म्हटलं चार घटका हसतील. मी बिबट्या पुन्हा काढला. या वेळी त्याला ओसरीवरून उठवला, देवळात आणला, कोंडिबाच्या शेजारी बसवला. हात खाली आपलं काम करतायत, तोंड वर आपलं. ताई हसल्या. कोंडिबासुद्धा मिशीत हसला, म्हणाला, त्यो बिबट्या न्हाई, तुमी व्हता. मला चेव आला. बिबट्या शेपटीनं ठेका धरू लागला. स्क्रू निघाला. सूर हातात आला. मी बिबट्याला समेवर आणत होतो, आणि माझे दोन अंगठे एकमेकांकडं सरकले.

बाकी तुम्हांला माहीत आहे.

एकदा ओरडून साहेबांचं सगळं संपलं होतं. ताईंनी ते दोन तुकडे रुमालात घेतले. मी म्हणालो, झाळून जोडून देतो. मी म्हणालो, तसलाच दुसरा गडू शोधतो, चुलत्यानं घासला तसाच दगडावर घासतो. त्या म्हणाल्या, मिस्त्री, तुम्ही केलेला तो तुमचा होईल. बरोबर होतं. झाळलेली जीभ वेगळीच बोलते, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं, म्हणून तर मी इतका वेळ बोलत होतो.

मी नवा सूर बसवला. आयुष्यात इतकं जपून कधी बसवला नसेल. बाकीचे सूर पुसले, जिथं उतरले होते तिथं कानस फिरवली. मग कोंडिबाबुवानं पेटी पुढं ओढली आणि वाजवलं.

इथं मला वाढवून सांगायची सवय असून उपयोग नाही, कारण वाढवायला जागाच नव्हती. तो इतकी वर्षं त्या एका पट्टीला चुकवून, वळसा घालून बोटं फिरवत आलेला. नव्या पेटीवरसुद्धा त्याची बोटं सवयीनं ती पट्टी टाळायची, हे मी बघितलेलं होतं. आता ती त्या पट्टीवर गेली आणि तिथंच घुटमळायला लागली. पुन्हा पुन्हा तिथंच येत होती. बाहेर ज्या चार बाया गवताचे भारे घेऊन चालल्या होत्या त्या भारे न उतरवता उभ्या राहिल्या. भारा डोक्यावर घेऊन आमच्याकडची बाई मुख्यमंत्र्यासाठी थांबत नाही.

अनिरुद्धसाहेबांनी सगळं टिपून घेतलं. शेवटी टाळ्या वाजवल्या. पण त्यांचं तोंड असं होतं की लांबून एका लग्नाला यावं आणि चुकीच्या मांडवात फार चांगलं जेवण मिळावं.

पुण्याला गेल्यावर ताई माझ्यासाठी भांडभांड भांडल्या, हे मला त्यांनी फोनवर सांगितलं नाही, मी त्यांच्या आवाजावरून ओळखलं. कोंडिबाचं वाजवणं ग्रुपवर टाकलं गेलं. नॉर्वेच्या दाढीवाल्यानं लिहिलं, वाजवणारा उत्तम आहे, पण आपला नाही. आपल्याला हवा तो सूर यात कुठंच नाही. दोन तुकड्यांचा फोटो टाकला, तर कुणीतरी म्हणालं, पितळेचे दोन तुकडे कुणाच्याही घरात सापडतील. मग उरली साक्ष माझी. त्यावर ग्रुपमधल्या एकानं विचारलं की मिस्त्रींचं सगळं खरं मानायचं तर तो बिबट्याही वादकांच्या यादीत घालायचा का? सगळे हसले म्हणे. विनोद चांगला होता. माझाच होता, म्हणून चांगला होता.

मी साहेबांना तीनदा फोन केला. साधं, सरळ, एकही शेपूट न लावता सांगितलं की वाजवणारा हाच, सूर हाच, मी त्या पेटीला ओळखतो. ते ऐकून घ्यायचे. म्हणायचे, मिस्त्री, माझा विश्वास आहे हो. पण मला भागाकार ऐकू यायचा.

या भाद्रपदात तबकडी निघाली. साहेबांनी एक माझ्या पत्त्यावर पाठवली, आठवणीनं, माणूस दिलदार. पाकिटावर डोंगराचं चित्र, तोरणा नव्हे, कुठलातरी. मागं सगळ्यांची नावं. बासरीवाला होता, साबणवाली बाई होती. सगळ्यांत खाली तिसऱ्या गाण्यापुढं लिहिलेलं, हार्मोनियम, आणि पुढं इंग्रजीत, अज्ञात. निदान लांडगा लिहिलं नाही.

मी ती घेऊन एसटीनं पासलीला गेलो. वाटेत कोंडिबाला काय सांगायचं याच्या मी पाचसहा तऱ्हा तयार केल्या. एकीत छापखान्यात आग लागत होती. दुसरीत कंपनीचा मालक नाव छापायच्या दिवशीच आजारी पडत होता. कोंडिबाबुवा बांधावर गवत कापत होता. मला बघून विळा खाली ठेवला, हात सदऱ्याला पुसले आणि पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. पुढून बघितलं, मागून बघितलं.

“माजं कुठं हाय?”

माझ्या एकाही तऱ्हेला तोंड फुटेना. मी बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, बुवा, हितं तुमचं नाव यायचं होतं. त्यांनी लिहिलंय, कोण ते माहीत नाही. तो सूर माझ्या हातानं मोडला म्हणून, आणि माझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसला नाही म्हणून. बाकी काही कारण नाही.

त्यानं त्या शब्दावरून अंगठा फिरवला. त्याला इंग्रजी येत नाही. मग पाकीट माझ्या हातात परत दिलं आणि विळा उचलला.

“बरं झालं,” तो म्हणाला. “पेटी तवा सुरात नव्हती.”